हाकेला थांबणारी गाडी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गावच्या सरपंच माननीय राहीबाई, व्यासपीठावर बसलेले आपल्या शाळेचे गुरुजी, ज्यांच्या मानासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती लडकूभाऊ म्हात्रे, त्यांच्या सौभाग्यवती, आणि वरच्या पाड्यावरून, खालच्या पाड्यावरून, थेट डोळखांबहून उन्हातान्हात आलेल्या माझ्या आया-बहिणींनो आणि भावांनो,

मी बारकू. वरच्या पाड्याचा. चौथीपर्यंत शाळा शिकलो, पुढे भातखाचरात शिकलो. सभेत उभं राहून बोलायची सवय नाही. माईक तोंडाजवळ आला की मला वाटतं हा आता चावणार. तेव्हा सांभाळून घ्या.

पहिल्यांदा माफी मागतो ती उशिराबद्दल. उन्हं शाळेच्या मागं गेली, पोरांनी आणलेला हार सुकायला लागला, आणि आता कुठं आपण बोलायला उभे राहतो आहोत. दोष कुणाचा नाही. आपले प्रमुख पाहुणे, एसटी डेपोचे साहेब, अजून वाटेत आहेत. मघाशी राहीबाईंच्या घरी त्यांचा फोन आला. साहेब कामासाठी कल्याणला गेले होते, तिकडून निघाले ते शहाडच्या पुलावर अडकले. पुढे डंपर, मागे टँकर, दोन्ही बाजूंना रिक्षा. गुरुजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाबा, साहेब येईपर्यंत तुमी बोलत राहा." मी म्हटलं, "गुरुजी, साहेब शहाडच्या पुलावर हायेत ना? मग माझं भाषण लय मोठं होईल."

हसा, हसा. पण मला स्वतःला हसू येत नाही. गेले आठ-पंधरा दिवस मला जेवण गोड लागत नाही. आणि खरं सांगू का, साहेब अजून पोचले नाहीत हे एका परीनं बरंच झालं. मला जे बोलायचं आहे ते आपल्या घरातलं आहे. ते साहेब यायच्या आत बोलून घ्यावं म्हणतो.

आधी लडकूभाऊंबद्दल बोलतो. नाहीतर म्हणाल, म्हातारा सत्काराला उभा राहिला आणि स्वतःचंच रडगाणं लावून बसला.

आपल्या गावात मुक्कामाची एसटी सुरू झाली तेव्हा माझी नात हर्षाली अंगणवाडीत जात होती. संध्याकाळी कल्याणहून निघायचं, मुरबाड, सरळगाव, किन्हवली, शेणवा करत रात्री आपल्याकडे मुक्कामाला यायचं, आणि पहाटे पुन्हा त्याच वाटेनं कल्याणला. पहिल्या दिवशी गाडी आली तेव्हा आपल्या बायकांनी तिच्या चाकांना पाणी घातलं, पुढच्या काचेला हळदकुंकू लावलं. इतकं लावलं की ड्रायव्हरला समोरचं दिसेना. ते ड्रायव्हर म्हणजे हे लडकूभाऊ. तेव्हा केस काळे होते. फडकं घेऊन काच पुसताना म्हणाले, "अगं बायांनो, देवीला समोर बघून चालवावं लागत नाय, मला लागतं."

रात्री ते आणि कंडक्टर या शाळेच्या ओट्यावर निजायचे. आपण घराघरातून पाळीपाळीनं त्यांना भाकरी दिली. कुणाकडे नाचणीची, कुणाकडे तांदळाची. लडकूभाऊंनी कधी नाव ठेवलं नाही. मध्ये दोन-तीन वेळा दुसरे ड्रायव्हर आले, गेले. लडकूभाऊंनी ही ड्यूटी मागून घेतली. शहरातली सोपी ड्यूटी सोडून जंगलातली मुक्कामाची ड्यूटी कोण मागून घेतो? मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "बाबा, तिथं माणसं गाडीत चढतात आन् उतरतात. इथं माणसं गाडीत बसतात आन् बोलतात."

आता ज्या गोष्टीसाठी आपण त्यांना डोक्यावर घेतो, तिच्याकडे येतो. आपला डोंगरातला कुकारा.

डोळखांबहून पाहुणे आलेत, त्यांच्याकडे काय पद्धत आहे मला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. वरच्या पाड्यावरून खाली उतरायला वेळ लागतो. पहाटे अंधार असतो. खाली गाडी चालू झाल्याचा आवाज आला की वरून माणूस कूऽऽ अशी लांब हाक घालतो. म्हणजे मी निघालोय, थांबा. आणि लडकूभाऊ थांबतात. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, तो माणूस उतरून येईपर्यंत.

ही चाल कशी पडली ते तुम्हाला आठवतं. त्या पहिल्याच पावसाळ्यात आपल्या वाळूला पान लागलं, म्हणजे साप चावला. तो बघा तिथं खांबाला टेकून बसलाय. वाळू, हात वर कर. चौघांनी त्याला झोळीत घालून उतरवायला घेतलं आणि वरून कुकारा घातला. गाडी निघाली होती. लडकूभाऊंनी ऐकलं आणि गाडी थांबवली. वाळूला मागच्या बाकावर निजवला आणि शेणव्यापासून वाट सोडून गाडी थेट शहापूरच्या सरकारी दवाखान्यात नेली. एकाही पॅसेंजरनं हूं की चूं केलं नाही. वाळू वाचला. त्याला नंतर दोन पोरं झाली. त्या दिवसापासून आपल्या गावात ठरूनच गेलं, की कुकारा आला म्हणजे गाडी थांबणार.

मग काय झालं? वाळूसाठी थांबली ती गाडी बाळंतिणीसाठी थांबली. बरोबरच होतं. मग शाळेच्या परीक्षेला जाणाऱ्या पोरांसाठी थांबली. तेही बरोबर. मग बाजारला जाणाऱ्या बायकांसाठी थांबली. मग एक दिवस कमळूची सासू कुकारा घालून उतरली तेव्हा तिच्या काखेत कोंबडी होती. लडकूभाऊंनी विचारलं, "आजी, कुठं निघाल्यात?" म्हातारी म्हणाली, "मी नाय रे जात. ही कोंबडी शेणव्याला माझ्या लेकीला दे, म्हणावं आईनं पाठवली." आणि लडकूभाऊंनी ती कोंबडी घेतली. शेणव्याच्या थांब्यावर लेकीच्या हातात दिली.

हे सगळं आपण कौतुकानं सांगतो. मीही आत्तापर्यंत सांगत आलो. त्या वेळी थांबलं तरी काही बिघडत नव्हतं. रस्ता मोकळा होता. इथं झालेला उशीर लडकूभाऊ सरळगावच्या पुढे भरून काढायचे. मुरबाड सोडलं की कल्याणपर्यंत रस्त्यात माणूस दिसायचा नाही, दिसली तर बैलगाडी.

आता मंडळी, तुमच्यातले किती जण रोज कल्याणला जातात? जे जातात त्यांना मी काय सांगायचं? पण जे जात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मागच्या दिवाळीत मी स्वतः गेलो होतो, डोळ्याच्या तपासणीला. कांबा आलं, वरप आलं, आणि मी घाबरलो. जिथं मी भात उभं बघितलं होतं तिथं इमारती उभ्या. एकीच्या डोक्यावर दुसरी ठेवल्यासारख्या. आणि पुढं म्हारळपासून गाडी हलेचना. कारखान्यांच्या बस, खडीचे डंपर, भाजीचे टेंपो, शाळेच्या व्हॅन, मोटारसायकली, आणि मधल्या फटीत रिक्षा. माणूस पायी चालत आमच्या पुढं निघून जात होता. मी लडकूभाऊंच्या मागच्याच सीटवर होतो. मी म्हटलं, "भाऊ, रस्ता तर रुंद केलाय की. मग हे काय?"

ते म्हणाले, "रुंद केला म्हणून तर. रस्ता मोकळा दिसला की ज्याला गाडी घ्यायची नव्हती तो पण घेतो. ज्याला लांब राहायचं नव्हतं तो पण लांब घर घेतो. दोन वर्षं बरं गेलं. मग पयल्यापेक्षा वाईट."

"पण मग पुढं?"

"पुढं पूल. बाबा, पूल हाय तेवढाच हाय. माणसं इमारतीत वर वर चढली, पण सकाळी खाली उतरून सगळी येतात त्याच एका पुलावर."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिनं माझी झोप गेली ती गेलीच. म्हणाले, "कारखान्यांची पाळी आन् शाळांच्या व्हॅन रस्त्यावर यायच्या आत मी पुलावर पोचलो, तर गाडी सुळकन पलीकडं. त्याच्यानंतर जरासा उशीर झाला, एक बिडी वढायला लागतो तेवढा, तर पुलावर तासभर गेला समजा. इथं उशीर भरून निघत नाय. इथं उशीर वाढतो."

आता तुमच्या लक्षात येईल मी कशाला रडतो आहे ते.

माझी नात हर्षाली कल्याणला नर्सिंगचा कोर्स करते. आपल्या पाड्यावरची पहिली पोरगी. पहाटेच्या याच गाडीनं जाते, संध्याकाळी याच गाडीनं येते. तिकडं वसतिगृहात जागा नाही. सकाळी दवाखान्यात हजर राहावं लागतं. आजारी माणसाला औषध द्यायचं असतं, ते काही शहाडच्या पुलासाठी थांबत नाही. हिवाळ्यापासून तिला चार-पाच वेळा उशीर झाला. तिथल्या मोठ्या सिस्टर कडक आहेत, आणि असाव्यात. त्या म्हणाल्या, "तुझ्या गाडीचं मला सांगू नकोस. रात्रीची सिस्टर तुझ्यासाठी खोळंबते. तिच्याही घरी लेकरं आहेत."

मग एप्रिलमध्ये तिची प्रात्यक्षिक परीक्षा आली. ती सकाळ मी सांगणार आहे. आमच्या घरातली माणसं तिथं बायकांत बसली आहेत, त्यांनी माझ्यावर रागवू नये. त्या दिवशी हर्षाली लवकर उठली, लवकर उतरली, सगळ्यांच्या आधी गाडीत बसली. कुणाचाही कुकारा आला नाही. लडकूभाऊंनी गिअर टाकला. आणि वरून कुकारा आला. कुणाचा? हर्षालीच्या आजीचा. पोरगी भाकरीचा डबा घरी विसरली होती. म्हातारी डबा घेऊन, अंधारात, दगडागोट्यांतून, ठेचकाळत उतरली. उतरायला वेळ लागला. गाडी थांबली. आजीनं खिडकीतून डबा दिला, नातीच्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, "परीक्षेला उपाशी नको गो जाऊ." सगळ्या गाडीला बरं वाटलं.

आणि गाडी शहाडच्या पुलाआधी अडकली.

हर्षाली खाली उतरली आणि चालत पूल ओलांडला. डंपर आणि रिक्षांच्या मधून, पांढरे कपडे सांभाळत. हे तिनं मला नंतर सांगितलं, आणि आजही ती पुलावरून चालत असल्यासारखं मला डोळ्यांपुढं दिसतं. ती पोचली तेव्हा दार लावलं होतं. सिस्टरनी आत घेतलं, परीक्षा घेतली. पण शेवटी म्हणाल्या, "ही शेवटची वेळ. जूनला नवीन वर्ष सुरू झाल्यावर उशीर चालणार नाही. जमत नसेल तर नाव काढून घे."

आजीनं दिलेला डबा संध्याकाळी तसाच परत आला. उघडलाच नव्हता.

माझा मुलगा जगन, हर्षालीचा बाप, तो शेवटच्या रांगेत बसलाय आणि खाली बघतोय. त्याला वाटतंय, बाबा घरचं चव्हाट्यावर मांडतात. जगन, मांडतोय. कारण तू म्हणालास, "बाबा, बास झालं. पोरगी पुलावर गाड्यांच्या मधून चालते, त्याच्यापरीस घरी बसलेली बरी." मलाही तीच भीती वाटते रे. पण मला दुसरी पण भीती वाटते, की आज आपण तिला घरी बसवली तर पाड्यावरची दुसरी पोरगी कधीच निघणार नाही.

आता डेपोच्या साहेबांचं सांगतो. गेल्या आठवड्यात राहीबाई, लडकूभाऊ आणि मी, आम्ही तिघं त्यांना भेटायला गेलो. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा दिला. माणूस चांगला आहे. म्हणाले, "जूनच्या वेळापत्रकात तुमची गाडी मुरबाडपर्यंतच ठेवायचा विचार आहे."

राहीबाई आपल्या तडफदार. त्या म्हणाल्या, "साहेब, मुरबाडपास्नं पुढं आमची लेकरं काय उडत जातील?"

साहेब म्हणाले, "पुढं जीपा आहेत."

"जीपा हायेत. पण तुमी तुमची लेक त्या जीपच्या मागं लटकवाल का?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. म्हणाले, "बाई, तुमची गाडी कल्याणला उशिरा पोचते. तीच गाडी पुढं दुसऱ्या गावच्या फेरीला जाते. ती फेरी बुडते. तिकडेही बायका डोक्यावर ओझी घेऊन उभ्या असतात. तिकडेही कॉलेजची पोरं असतात. ती माणसं इथं येऊन माझ्या टेबलावर हात आपटतात. त्यांना मी काय सांगू? की डोंगरातल्या कुणाची तरी वाट बघत होतो?"

मंडळी, मी त्या खुर्चीत बसल्या जागी गार झालो. इतकी वर्षं मला वाटत होतं, आपली गाडी आपल्यासाठी थांबते, त्यात कुणाचं काय जातं? आपण थांबवतो त्या गाडीपायी आपण कधी न बघितलेली माणसं कुठंतरी रस्त्याच्या कडेला ताटकळतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी एक सवलत दिली. म्हणाले, "जूनचे पहिले काही दिवस बघतो. नवीन ड्रायव्हर देतो. गर्दीच्या आत गाडीनं पूल ओलांडला तर कल्याणपर्यंत चालू ठेवतो. नाही ओलांडला तर मुरबाडला थांबवतो. मग माझ्याकडे येऊ नका."

उद्या जूनची पहिली तारीख. लडकूभाऊ आज निवृत्त झाले. नवीन ड्रायव्हर रात्री गाडी घेऊन मुक्कामाला येतोय.

म्हणून मी हात जोडून सांगतो, कुकारा बंद करा.

बघा, लगेच गलका झाला. मला ठाऊक होतं. सकुबाई, बसल्या जागी पुटपुटू नका, उभ्या राहून बोला. पाहुण्यांनो, या सकुबाई, वरच्या पाड्यावरून करवंदं, जांभळं, रानभाजी घेऊन कल्याणच्या बाजारात बसतात. ऐकलंत का त्या काय म्हणतात? म्हणतात, "बारकूबाबा, तुमची नात हलकी फुलकी, उड्या मारत उतरते. माझ्या डोक्यावर दोन पाट्या असतात. पहाटे पाणी कोण भरंल, तुमी?"

बरोबर आहे. सकुबाई, मीही वरच्या पाड्याचाच आहे. पहाटे झऱ्यावर किती बायका रांगेत असतात ते मला माहीत आहे. एवढं भातसाचं धरण उशाला, आणि आपल्या बायका वाटीनं पाणी भरतात. त्यावर एक वेगळी सभा घेऊ. पण मला सांगा, गाडी मुरबाडला थांबली तर त्या दोन पाट्या घेऊन तुम्ही जीपमध्ये चढणार? जीपवाला पाटीचं वेगळं मागतो आणि पाटी टपावर फेकतो. जांभळाचा चिखल होतो. मग गाडी चालू राहण्यात माझ्या नातीपेक्षा तुमचं जास्त आहे की नाही?

काय म्हणालात? "मग पाट्या काय आदल्या रात्री उतरवू?" हो, तेच. राहीबाईंशी मी सकाळी बोललो आहे. त्यांचा ओटा थांब्याला लागून आहे. वरच्या पाड्यावरच्या बायकांनी संध्याकाळी उजेडात आपला माल त्यांच्या ओट्यावर आणून ठेवायचा, वर ओलं पोतं टाकायचं. पहाटे रिकाम्या हातानं उतरायचं.

आता म्हणतात, "आन् रात्री कुणी खाल्लं तर?" सकुबाई, रात्री मी राखणीला झोपेन तिथं. मला तशीही झोप नाही. आता कशाला हसता? "राखणारच खाईल"? खाईन तर दोन जांभळं खाईन, माझे दात तरी किती राहिलेत?

आणि आजारी माणसाचं काय, हा प्रश्न वाळूच्या तोंडावर मला दिसतोय. वाळू, तुझ्यासारख्यासाठी गाडी थांबणारच. पण त्या वेळी झोळीच्या पुढं एकजण पळत येत असतो. त्यानं येऊन ड्रायव्हरला सांगायचं. तोंडानं सांगायचं, वरून हाक मारून नाही. नवीन ड्रायव्हरला काय कळणार, वर साप चावलाय की कोंबडी पाठवायची आहे?

एवढं मी बोललो खरा, पण मला फार अवघड जातंय, कारण हे मी लडकूभाऊंसमोर बोलतो आहे. ज्या गोष्टीसाठी शाल द्यायची तीच गोष्ट बंद करा म्हणायचं, हे कसलं निरोपाचं भाषण? लडकूभाऊ, तुमचं मन दुखावलं असेल तर...

थांबा. लडकूभाऊ उठले आहेत. या, माईकजवळ या. नको? बरं, मी सांगतो लोकांना. मागच्यांना ऐकू आलं नसेल. ते म्हणतात, "बाबा, बोला बिनधास्त. मागलं वर्षभर मी थांबायचो ना, तर हात स्टेअरिंगवर आन् डोळ्यापुढं पूल. इकडं कुकारा, तिकडं पूल. एक दिवस मी कुकारा ऐकला आन् न ऐकल्यागत करून गाडी काढली. दिवसभर अन्न गेलं नाय मला."

आणि सकुबाई पुन्हा उभ्या राहिल्या. काय म्हणता? "तो कुकारा माझा होता!" घ्या! सकुबाई, मग तुम्ही इतके दिवस बोलला नाहीत? काय? त्या म्हणतात, "मला वाटलं, भाऊला सर्दी झाली आसंल, कान बसले आसतील. म्हणून दुसऱ्या दिवशी मीच तुळशीचा काढा घेऊन गेले."

लडकूभाऊ, हसता काय, डोळे पुसा. काढा प्यायलात ना तुम्ही? प्यायलात. सर्दी नसताना प्यायलात. मंडळी, ह्या माणसाला आपण आणखी किती ओझं द्यायचं? आपल्यासाठी थांबायचं तर पलीकडची गावं शिव्या देतात, नाही थांबायचं तर याच्या घशाखाली घास उतरत नाही. ते तर सुटले आज. पण उद्या येणारा नवा ड्रायव्हर तरणा आहे म्हणतात. त्याच्या गळ्यात पहिल्याच दिवशी हे घालू नका. त्याला गाव आवडू द्या.

तर मग वरच्या पाड्याच्या मंडळींनी हात वर करून सांगा. उद्यापासून आजाऱ्याशिवाय कुकारा नाही. करा वर. सकुबाई, तुमचा? अर्धाच केलात, पण केलात. वाळू, शाबास. आणि ते तिथं बायकांत... हर्षालीच्या आजीचा हात वर आला. माझ्याकडे न बघता वर केलाय, पण आलाय. जगन, तू? तू अजून खाली बघतोस. बरं. तुझ्यावर जबरदस्ती नाही. हात वर करू नकोस, पण उद्या पहाटे पोरीबरोबर खाली उतर आणि गाडी वेळेत सुटताना डोळ्यांनी बघ. मग तुझं काय ते ठरव. मान हलवलीस? मला एवढं पुरे.

गुरुजी खुणा करत आहेत, बाहेर जीपचा आवाज आला. साहेब आले वाटतं. आता आवरतो.

राहीबाई, तुम्ही अध्यक्षपद घेतलंत, ओटा दिलात, तुमचे आभार. गुरुजी, तुम्ही शाळा दिलीत, माईक दिलात आणि मध्येच काढून घेतला नाहीत, तुमचेही आभार. लडकूभाऊंच्या सौभाग्यवती, इतकी वर्षं तुमचा माणूस रात्रीचा आमच्या शाळेच्या ओट्यावर निजला, तुम्ही कधी तक्रार केली नाहीत, हे आम्ही विसरणार नाही. लडकूभाऊ, शाल, श्रीफळ आणि आपल्या खाचरातल्या तांदळाचं पोतं घेऊन जा. पोतं जड आहे, ते साहेबांच्या जीपमध्ये टाकायला सांगतो. मी म्हातारा माणूस, धसका घेऊन बोललो, सत्काराच्या सभेत घरचं बोललो, कुणाच्या वर्मी लागेल असंही बोललो असेन. ते पोटात घाला.

आणि लडकूभाऊ, शेवटची एक विनंती. तुमचं घर म्हारळला, रस्त्याच्या कडेलाच. उद्या सकाळी निवांत झोपायचा तुमचा पहिला दिवस, तरी तेवढं एक काम करा. दारात उभे राहा. आपली गाडी गर्दीच्या आत गेली की गर्दीत सापडली, ते बघा आणि राहीबाईंच्या घरी फोन लावा. उशीर झालेला असला तरी तसंच सांगा, माझ्या जिवासाठी गोड करून सांगू नका. मी फोनपाशीच बसलेला असेन. चहा नंतर घ्या, दात नंतर घासा, पण लवकर कळवा.